फुलं खालून वर

आमच्या सणसरच्या फाट्यावर उभं राहून मान वर केली की आभाळ नंतर दिसतं, आधी फ्लेक्स दिसतात. वाढदिवसाचे, निवडीचे, निवड होणार असल्याचे. काळा चष्मा, गळ्यात जाड साखळी, कानाला मोबाइल, आणि खाली शुभेच्छुकांची बारीक बारीक तोंडं. मला त्या तोंडांची मनापासून किळस आहे. मी शिवणकाम करते, यांतल्या निम्म्यांची मापं माझ्याकडं आहेत. फ्लेक्सवर छाती जेवढी दिसते तेवढी एकाचीही नाही. हे गोरं करून, फुगवून देण्याचं काम फोटोच्या दुकानात चालतं, म्हणून फोटोवाल्यांबद्दलही माझं मत कधी चांगलं नव्हतं. माझ्या शेजारच्या गाळ्यात ज्योत्स्नानं स्टुडिओ टाकला तेव्हा मी तिच्याशी नीट बोललेसुद्धा नाही.

ज्योत्स्ना कऱ्हाटीची लेक आणि सणसरची सून. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला. अंगानं काडी, डोळ्याला चष्मा, बोलणं मोजकं. एकदा असाच एक होतकरू पुढारी तिच्या दुकानात शिरला आणि "फोटो जरा गोरा करा" म्हणाला. ही म्हणाली, "हाय तसा काढीन. गोरं व्हायचं असंल तर साबन पलीकडच्या दुकानात मिळतो." भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू आलं. त्या दिवशी मी आपणहून तिला चहा पाठवला.

लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो हे तिचं पोटापाण्याचं काम. जीव मात्र अडकलेला असायचा स्टॉप मोशनमध्ये. म्हणजे काय, ते तिनं मला माझ्याच टेबलावर दाखवलं. कॅमेरा वर टांगला, तोंड खाली. मी खणाचं कापड बोटभर सरकवायचं, हात बाहेर घ्यायचा, मग फोटो. कात्री जराशी पुढं, हात बाहेर, फोटो. "ताई, हात! ताई, बांगडी दिसतीया!" असं ओरडून ओरडून तिनं माझा पिच्छा पुरवला. माझी कंबर मोडली. पण ते सगळे फोटो तिनं कॉम्प्युटरवर ओळीनं लावले, एकेक डोळ्यासमोरून पापणी लवायच्या आत जाईल असा वेग दिला आणि चालू केलं. कापड आपणहून उलगडलं, कात्री एकटीच चालत आली, बाह्या सरपटत येऊन खांद्याला चिकटल्या. माणूस कुठं नाहीच. मी हसून हसून डोळे पुसले.

त्या कामात तिची एक सक्ती होती. कॅमेऱ्याचे पाय टेकतात तिथं खुणा करायच्या, वेळ तीच, उजेड तोच, नाहीतर चित्र लुकलुकतं. आणि मधला एखादा फोटो राहिलाच, तर तसाच दुसरा जुळवून ती तिथं घालायची नाही, चित्रानं उडी मारली तरी मारू द्यायची. "जे घडलंच न्हाय ते कसं घालू?" म्हणायची. मला तेव्हा हा हट्ट जरा अतीच वाटायचा.

आणखी एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं लग्नसराईत एकाचे फोटो दुसरा बिनदिक्कत आपल्या बोर्डावर लावतो. म्हणून ज्योत्स्नानं कॉम्प्युटरला अशी सवय लावली होती की फोटो बाहेर निघताना कोपऱ्यात 'ज्योत्स्ना फोटो, सणसर' उमटूनच निघायचा. पुढं पुढं त्या नावालाच वजन आलं. मुलीकडचे लोक स्थळवाल्यांना सांगायला लागले, "फोटो ज्योत्स्नाकडचा पाठवा, म्हंजी पोरगा हाय तसा दिसंल." एवढी तिची कमाई. बाकी गाळा भाड्याचा, कॅमेरा हप्त्याचा.

मग तो विजयसिंह आला. पिकावर मारायच्या टॉनिकच्या कंपनीचा माणूस. कंपनीचं नाव मी घेणार नाही, चूळ भरावी लागेल. पांढरे बूट, अत्तराचा वास दारातून आधी आत येणारा, आणि दर वाक्यात मॅडम. त्याला एका प्लॉटचा व्हिडिओ हवा होता. टॉनिक मारायच्या दिवसापासून रोज एकाच जागेवरून फोटो, ते जोडून पीक डोळ्यादेखत वाढताना दिसलं पाहिजे. ज्योत्स्नाला असलं काम म्हणजे सणच. फोटोंवर मालकी कंपनीची राहील असं ठरलं, त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

प्लॉट ठरला सरुबाईंचा. सरुबाई कालव्याच्या कडेला ढोबळी मिरची करतात. नवरा गेल्यापासून रान त्यांनीच ओढलं, आता पोरगा सूरज हाताशी आलाय. टॉनिक फुकट मिळतंय म्हटल्यावर त्या तयार झाल्या. मिरची तेव्हा काय जोरात होती! ज्योत्स्नानं बांधाला खुंटी ठोकली आणि रोज सकाळी स्कूटीवरून जाऊन तिथूनच फोटो काढायला लागली.

फवारणी झाली आणि पानं वळायला लागली. मग त्यांच्या कडा करपल्या. पांढरी फुलं देठासकट गळून झाडाखाली पडली. लागलेल्या मिरच्या मऊ पडून जागेवर सडल्या. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. तो कुजका, आंबूस वास पदर लावला तरी नाकात बसला, घरी येऊन आंघोळ केली तरी जाईना. सरुबाई बांधावर बसून होत्या. ज्योत्स्नानं विजयसिंहला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, रिकव्हर होईल. तुम्ही फोटो थांबवू नका." रिकव्हर काही झालं नाही. ज्योत्स्ना मात्र शेवटचं झाड वाळेपर्यंत फोटो काढत राहिली. घडतंय ते टिपायचं, एवढंच तिला माहीत.

एका दुपारी ती आम्हा दोघीतिघींना माझ्या ब्लाऊजचा व्हिडिओ उलटा लावून दाखवत होती. शिवलेला ब्लाऊज उसवतोय, बाह्या सरपटत मागं निघून जातायत, आणि शेवटी अख्खं कापड घडी होऊन पडतं. बायका खिदळत होत्या. विजयसिंह कधी येऊन मागं उभा राहिला कळलंच नाही. तोंड आंबट करून आला होता. ते बघताना मात्र त्याचं तोंड हळूहळू बदलत गेलं.

"मॅडम, परत एकदा लावा."

तिनं लावला.

"हे कुठल्याही व्हिडिओचं होतं?"

"होतं की. फोटोंचा क्रम उलटा क्येला की झालं," ती कौतुकानं म्हणाली. तिला वाटलं, बघा, कामाची गोडी असलेला माणूस.

तो सरुबाईंच्या प्लॉटचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन गेला. "पुढचं बारामतीला बघतो" म्हणाला.

आठवडा गेला असेल नसेल, व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर आला. मी तो मशीनवर बसल्या बसल्या पाहिला. करपलेली, मान टाकलेली मिरची. वरून अक्षरं आली, टॉनिकची फवारणी. आणि ती झाडं उभी राहायला लागली. वळलेली पानं उलगडली, पिवळ्याचं हिरवं झालं, सडका लगदा आवळत आवळत टणक मिरची झाली, आणि जमिनीवर पडलेली फुलं एकेक करून वर चढली आणि देठावर जाऊन बसली. मागं सनई. सांगायला लाज वाटते, पण दिसायला ते सुंदर होतं. आणि सुंदर होतं म्हणूनच मला त्याची जास्त किळस आली. तो वास मी घेतला होता. कोपऱ्यात प्रत्येक फोटोवर होतं, 'ज्योत्स्ना फोटो, सणसर'.

मी तशीच उठून शेजारी गेले. ती खुर्चीत बसून होती, मोबाइल मांडीवर.

"माझं नाव मुद्दाम ठेवलंय, ताई," ती म्हणाली. "सनई घालता येती त्यांना, अक्षरं घालता येत्यात, नाव पुसता येत न्हाय व्हय?"

तिनं विजयसिंहला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुमचीच पब्लिसिटी आहे," आणि ठेवून दिला. मग तिनं गावाच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं: हा व्हिडिओ उलटा आहे, पीक जळालं आहे, कुणी हे टॉनिक मारू नका. त्याच्या खाली लोकांनी काय टाकावं? जोडलेले हात, फुलांचे गुच्छ आणि 'अभिनंदन ताई'. वाचायचं कुणाला आहे! नाव दिसलं, अंगठा दाबला. वाटेत भेटतील तेही कौतुक करून जायचे. मला एकेकाच्या तोंडात मोबाइल कोंबावासा वाटत होता.

"कऱ्हाटीला सांगितलंस का?" मी विचारलं. तिचे वडील तिकडं एकटेच असतात.

"आबांच्या कानावर कशाला? मनाला लावून घेत्यात. आधी हितलं निस्तरू द्या."

निस्तरायला ती इंदापूरला गेली, मीही गेले. कंपनीनं मंगल कार्यालयात शेतकरी मेळावा ठेवला होता. दारात गुलाबपाणी, आत मोठा पडदा, आणि जेवणाचा वास सगळीकडं पसरलेला, त्यामुळं माणसं भाषणाला बसली होती की पंगतीला, सांगता येत नव्हतं. व्हिडिओ लावला. फुलं उडून झाडावर बसायला लागली तेव्हा मागून गेणबा म्हणून एक म्हातारा मोठ्यानं ओरडला, "आरं, फुलं खालनं वर कशी चाललीती?"

अख्खं कार्यालय हसलं. मला वाटलं, सुटलो, कळलं लोकांना. पण माइकवाला त्याहून तयारीचा. "काका, हीच तर टॉनिकची ताकद!" म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेणबानंही वाजवल्या. शेतात जन्म गेलेली माणसं होती ती. गळलेलं फूल परत चिकटत नाही हे त्यांना मी सांगायला पाहिजे होतं काय? सगळ्यांना कळत होतं. पण पुढं जेवण होतं, आणि जाताना एकेक बाटली फुकट होती.

ज्योत्स्ना उभी राहिली. "ह्यो व्हिडिओ उलटा लावलाय. फोटो मी काढल्यात. प्लॉट जळालाय." माइकशिवाय तिचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला असेल. पोचला तिथल्या दोघांनी मागं वळून पाहिलं. तेवढ्यात माइकवर सत्कार पुकारला: प्रगतशील शेतकरी, सणसरच्या सरुबाई!

सरुबाई पहिल्या रांगेतून उठल्या. नवं लुगडं, डोक्यावर नीट पदर. शाल घेतली, नारळ घेतला, विजयसिंहच्या शेजारी उभं राहून फोटोला मान वर केली. खाली उतरल्यावर ज्योत्स्नानं त्यांना गाठलं.

"मावशी, तुमी तरी खरं सांगा. तुमचं रान हाय."

सरुबाईंनी तिला खांबाआड ओढलं. "काय सांगू? जळाल्यालं रान कुणाला दावू? माझ्या सूरजला कुनी पोरगी देईना. सगळ्यांस्नी नोकरीवाला पायजे. उद्या पेपरात फोटो यील, प्रगतशील म्हनत्याल. दोन मानसं दारात येत्याल. तू माझ्या तोंडात माती घालू नगं, बाई."

मला सरुबाईंची चीडही आली आणि चीड आल्याबद्दल कसंतरीही झालं. पंगत बसली होती. विजयसिंह स्वतः जिलेबी वाढत फिरत होता, त्याच्या बोटांवरून पाक ओघळत होता आणि तो ती बोटं चाटून पुन्हा ताटात घालत होता. आम्ही न जेवता एसटीत बसलो.

त्याच्या पुढच्या रविवारी कऱ्हाटीहून तिच्या चुलत बहिणीचा फोन आला की आबांची डाळिंबं गेली. ज्योत्स्नानं "कशानं गेली?" एवढंच विचारलं. मग तिला स्कूटी धरवेना, म्हणून मी चालवली.

तिचे वडील गंगाराम आबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांच्या घरात अक्षर ओळखणारा पहिला माणूस तो. रिटायर झाल्यावर त्यांनी थोडी डाळिंबं लावली, आणि दर रविवारी विहारात वंदनेनंतर ग्रंथ वाचून दाखवायचे. नुसता ग्रंथ नाही. कुणाची नोटीस आली, कुणी औषधाची बाटली आणली, तर वस्तीतले लोक आबांच्या दारात. चष्मा लावून आबा वाचणार, समजावणार, कळलं का ते दोनदा विचारून घेणार. इंग्रजी बारीक अक्षरसुद्धा. वस्तीत त्यांचा मान त्या वाचण्यावर होता.

आम्ही बागेत पोचलो तर झाडांखाली लाल फुलांचा खच पडलेला. झाडावर करपलेली पानं. बांधावर तिघेचौघे शेजारी उभे होते, आणि आबा हौदाच्या कठड्यावर बसले होते. मानसिंग म्हणून पलीकडचा शेतकरी आम्हाला बघून म्हणाला, "या, बघा तुमच्या आबांचा पराक्रम. टॉनिकच्या बाटलीवरचं वाचायला चुकलं म्हनं. पंपाला एक झाकन म्हनलंय, ह्यांनी पाच वतली." बाकीचे हसले. "आता आमी नोटिसा कुनाकडं न्यायच्या, आबा?"

आबाही हसले. "व्हय रं, चष्म्याचा नंबर वाढलाय. अक्षर दिसलं न्हाय."

ज्योत्स्ना सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "किती घातलं, आबा?"

"सांगितलं की. पाच."

"माझ्याकडं बघून सांगा."

आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. आवाज खाली आणून म्हणाले, "एकच घातलं. पन तुझं नाव हुतं त्या व्हिडिओवर. मीच वस्तीतल्या सगळ्यांस्नी दावलं, माझ्या लेकीचं काम म्हनून. आता औषिद वाईट म्हनलं तर तू वाईट हुतीस. म्हाताऱ्याला चार दिस हसत्याल आन् इसरत्याल."

मी तिथंच होते, मला ते ऐकू आलं. त्या विजयसिंहचं तोंड माझ्यासमोर असतं तर मी त्या तोंडावर थुंकले असते, आणि हे लिहिताना त्यात काही कमी करावं असं मला वाटत नाही.

"माझं नाव राखायला तुमी अडानी व्हायचं व्हय?" ज्योत्स्ना ओरडली. मग बांधाकडं वळली. "मानसिंगकाका, आबा वाचायला चुकल्याले न्हाईत. औषिद वाईट हाय. तुमी बघितला तो व्हिडिओ उलटा हाय, आन् त्यातले फोटो माझे हाईत. नाव माझंच हाय."

हसणं थांबलं. मानसिंगच्या घरातही ती बाटली आणलेली होती, अजून मारायची होती. तो म्हणाला, "तुझे फोटो, तुझं नाव. मग आमी कुनाचं खरं धरायचं?"

"आज म्या सांगतीया ते धरा," ती म्हणाली. "पुढं माझं नाव बघून काय बी खरं धरू नका."

ती हे बोलली तेव्हा मला कळलं की तिनं स्टुडिओ स्वतःच्या हातानं मोडला. स्थळांचे फोटो, कोपऱ्यातलं नाव, सगळं. हे कऱ्हाटीचं बोलणं सणसरला जायला वेळ लागला नाही, आणि गेलंही.

आबा पहिल्यांदा चिडले. "कशाला बोललीस? मी सांगितलं हुतं ना समद्यांस्नी?" मानसिंग बांध उतरून खाली आला. हौदाजवळ रिकामी बाटली पडली होती, ती त्यानं उचलली, हातानं पुसली आणि आबांच्या पुढं धरली.

"वाचा, आबा," तो म्हणाला. आता त्यात चेष्टा नव्हती.

आबांनी खिशातून चष्मा काढला. बाटली दोन्ही हातांनी धरली आणि वाचायला लागले. कंपनीचं नाव, पत्ता, घटक, पंपाला एक झाकण, थंड वेळी फवारावे, लहान मुलांपासून दूर ठेवावे. विहारात वाचतात तसं, शब्द तोडून, थांबून, एकही न गाळता. आम्ही सगळे ऐकत उभे होतो. अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली आणि तीही वाचली, "पिकावर होणाऱ्या कोणत्याही परिणामास कंपनी जबाबदार राहणार नाही."